नव्या हुप्प्यानं पिल्लू का मारलं, आणि त्यावरून माणसाबद्दल काय कळतं?

सड्यावरचा

आमच्या बागेत गेल्या आठवड्यात जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा. हळव्या मंडळींनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

आमच्याकडे (राजापूर तालुका, सड्यावरचं गाव) कलमांवर वानरांची एक टोळी येते. काळतोंडी वानरं, लाल तोंडाची माकडं नव्हेत. एक हुप्प्या, दहा-बारा माद्या आणि त्यांची लहानमोठी पोरं. पाऊस ओसरताना कुठूनसे चार-पाच नर एकत्र आले आणि तीन दिवस नुसता हलकल्लोळ. कौलं फुटली, कुत्री रात्रभर भुंकत राहिली. चौथ्या दिवशी जुना हुप्प्या गायब. आलेल्यांपैकी एकानं आपल्याच सोबत्यांना हाकललं आणि टोळी ताब्यात घेतली. नंतर तो एका मादीच्या मागे लागला. तिचा डावा कान फाटलेला आहे, म्हणून ती ओळखू येते. पोटाशी पिल्लू होतं. दोन म्हाताऱ्या माद्या मध्ये पडल्या, त्याच्या अंगावर धावून गेल्या, पण संध्याकाळी फणसावर ती मेलेलं पिल्लू हातात धरून बसली होती. दोन दिवस तिनं ते सोडलं नाही.

शेजारचे आप्पा शांतपणे म्हणाले, "नवा हुप्प्या पहिल्याची पोरं ठेवत नाय. आमच्या आज्यालाय म्हायत होतं."

आप्पांच्या आज्याला जे ठाऊक होतं ते शास्त्राच्या वहीत चढलं ते आपल्या शेजारच्या धारवाडमुळे. क्योटो विद्यापीठाचे युकिमारू सुगियामा तिथे हीच वानरं पाहत होते. १९६२ साली त्यांच्यासमोर एका टोळीवर बाहेरच्या नरांनी हल्ला केला, सत्तापालट झाला आणि नव्या नराच्या राज्यात पिल्लं एकेक करून मेली. नंतर त्यांनी दुसऱ्या एका टोळीतला एकुलता एक नर मुद्दाम हलवून पाहिला. शेजारचा नर आला आणि तिथंही तेच घडलं. त्या काळात प्राण्यांची प्रत्येक वागणूक 'जातीच्या भल्यासाठी' असते असं मानायची पद्धत होती. त्या चौकटीत हे बसेना, म्हणून गर्दीमुळे बिघडलेलं वर्तन म्हणून ते बाजूला पडलं.

मग सारा हर्डी ही अमेरिकन विद्यार्थिनी १९७१पासून माउंट अबूला आली. तिचा हिशेब साधा होता. अंगावर पाजणारी मादी माजावर येत नाही. पिल्लू गेलं की लवकर येते. गर्भ सुमारे दोनशे दिवसांचा. आणि हुप्प्याची गादी बहुधा दोन-अडीच वर्षं टिकते, तेवढ्यात त्याची स्वतःची पोरं जन्मून अंगावरून सुटायला हवीत, नाहीतर पुढचा येऊन तेच करणार. म्हणजे दुसऱ्याचं पिल्लू मारणाऱ्या नराची पोरं जास्त उरतात, आणि त्यांच्याबरोबर ही खोडही उरते. तिचं पुस्तक १९७७ साली आलं आणि वीस वर्षं वाद चालला. प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलेल्या घटना थोड्याच होत्या, त्यामुळे विरोधकांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. १९९९ साली नेपाळच्या रामनगरमधल्या वानरांच्या डीएनए तपासणीतून कळलं, की हल्ला करणारा नर मेलेल्या पिल्लाचा बाप नव्हता आणि त्या मादीच्या पुढच्या पिल्लाचा बाप बहुधा तोच होता.

इथपर्यंत मला पटतं. घोडं अडतं ते पुढे. हीच गोष्ट उचलून 'सावत्र बाप क्रूर का असतात याचं मूळ इथे आहे' असं लिहिलेली चिठ्ठी आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतेय. माणसाच्या आक्रमकतेची उत्क्रांती मानसशास्त्रानं (म्हणजे आजच्या स्वभावाचं मूळ उत्क्रांतीत शोधणाऱ्या शास्त्रानं) दिलेली स्पष्टीकरणं कितपत टिकतात? जाणकारांनी लिहावं.

तिरपागडं

मस्त धागा. पण यात वाद कसला? चिंपांझी बघा. टांझानियातल्या गोम्बे जंगलात जेन गुडॉल यांनी १९७४ ते १९७८ असं चार वर्षं चाललेलं युद्ध नोंदवलंय. एकाच समूहाचे दोन तुकडे झाले, कासाकेला आणि काहामा. कासाकेलाच्या नरांनी काहामाचे नर एकेकटे गाठून संपवले. कालपरवापर्यंत एकमेकांच्या अंगातल्या उवा काढणारे! आपण त्यांचेच चुलत भाऊ. पुरुषाच्या रक्तातच मारामारी आहे, बाकी संस्कृती वगैरे वरचा रंग.

मोरपिशी

तिरपागडं, रंग म्हणून सोडून देता येत नाही हो. मी आईचं बोट धरून दुसऱ्या घरात आलेली मुलगी. पाच वर्षांची होते. बाबांनी (त्यांना सावत्र म्हणायला जीभ वळत नाही) मला सायकल शिकवली, दहावीला रात्री दोन वाजता चहा करून दिला, माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडले. आता मला सांगा, माझे बाबा हे तुमच्या सिद्धांतातले अपवाद, की सिद्धांतच अर्धा?

अजून एक. आपल्या सगळ्या कहाण्यांत छळ करते ती सावत्र आई. सावत्र बापाची कहाणी एखादी तरी आठवतेय का कुणाला?

सड्यावरचा

मोरपिशी, तुमचा प्रतिसाद वाचून दोन दिवस वाचनात घालवले. जे सापडलं त्यानं मीच चाट पडलो.

मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन हे कॅनडातलं जोडपं या विषयातलं मोठं नाव. खुनांच्या नोंदींवरचं त्यांचं पुस्तक १९८८ सालचं. कॅनडाच्या १९७४ ते १९८३ या काळातल्या आकड्यांवरून त्यांनी दाखवलं, की दोन वर्षांखालच्या मुलाचा सावत्र पालकाच्या हातून जीव जाण्याचा धोका सख्ख्यांच्या तुलनेत सुमारे सत्तरपट. कारण गरिबी असेल, आईचं कोवळं वय असेल, या शंकाही त्यांनी हॅमिल्टन शहराच्या माहितीवर तपासल्या, पण फरक पुसला गेला नाही.

पण त्यांनी असं कुठेही म्हटलेलं नाही की माणसाचा सावत्र बाप हुप्प्यासारखा 'डाव' खेळतो. उलट ते स्पष्ट नाकारतात. मूल मारून माणसाचा काही फायदा होत नाही. बायको दुरावते, तुरुंग मिळतो, टोळीच्या जमान्यात तर तिच्या भावांनी सोडलं नसतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की रात्रभर रडणारं तान्हं मूल कुणाच्याही डोक्यात तिडीक आणतं. सख्ख्या आईबापाच्या हाताला त्या क्षणी जी माया आवरते, ती सावत्र नात्यात आपोआप येतेच असं नाही, कमवावी लागते. हुप्प्याच्या बाबतीत मारणं हाच हेतू. माणसाच्या बाबतीत ब्रेक लागला नाही म्हणून घडलेला अपघात. आमच्या ग्रुपवरच्या चिठ्ठीनं दोन्ही एकाच टोपलीत टाकलंय.

म्हणून तुमचे बाबा अपवाद नाहीत. त्यांनी ब्रेक कमावला, एवढंच. (कहाण्यांतल्या सावत्र आईचं म्हणाल तर कारण बहुधा साधं असावं. बाळंतपणात बायका मरायच्या आणि पुरुष लगेच दुसरं लग्न करायचे. घरात सावत्र आईच जास्त दिसायची.)

आकडेमोड्या

सत्तरपट ऐकून घाबरू नका. तुम्ही लॉटरीचं एक तिकीट घेतलं आणि मी सत्तर घेतली, तर माझी संधी सत्तरपट. तरी मी भाड्याच्याच घरात राहणार. अत्यंत विरळ घटनेचा पट मोठा दिसतो. सावत्र बापांपैकी जवळजवळ सगळे या आकड्याच्या बाहेर आहेत.

दुसरं, स्वीडनच्या नोंदींवर २०००च्या सुमारास अभ्यास झाला आणि तिथल्या संशोधकांनी असा फरक नाहीच म्हणून जाहीर केलं. डेली-विल्सननी तीच माहिती मुलांच्या वयानुसार पुन्हा मांडली तेव्हा फरक निघाला, पण कॅनडाच्या मानानं फारच लहान. माझ्या मते सगळ्यात बोलका आकडा हाच. वानरांची जात तीच, माणसांची जातही तीच. पण देश बदलला की माणसाचा पट एवढा घसरतो. तिथली पाळणाघरं, बाळंतपणाची रजा, मदतीला येणारी सरकारी यंत्रणा, यांतलं नेमकं कशानं ते मी सांगू शकत नाही. जनुकं मात्र दोन्हीकडे तीच आहेत.

तिरपागडं

बरं, सावत्र बाप सोडा. चिंपांझींचं काय? तिथे तर हेतू दिसतो ना?

आकडेमोड्या

दिसतो. आधी शंका होती की गुडॉल यांनी केळी घालून घालून गोम्बेतले चिंपांझी भांडकुदळ केले. २०१४ साली अठरा समूहांच्या नोंदी एकत्र केल्या. १५२ हत्या, त्यांत काही पाहिलेल्या, काही अंदाजाच्या. माणसाच्या ढवळाढवळीशी त्याचा मेळ बसला नाही, समूहात नर किती आणि दाटी किती याच्याशी बसला. मारणारे ९२ टक्के नर. तेव्हा केळ्यांवर खापर फोडता येत नाही, हे मान्य.

पण त्याच अभ्यासात बोनोबोंचे (चिंपांझींच्या सगळ्यात जवळच्या नातलगांचे) चार समूह होते. संशयित हत्या किती? एक. आणि बोनोबोही आपले तेवढेच जवळचे चुलत भाऊ. तुम्ही कासाकेलावाले भाऊ निवडले, मोरपिशीताई बोनोबो निवडतील. भावकीतून हवा तो भाऊ निवडायची सोय असेल तर पुरावा कशाला हवा?

वकीलकाका

भावकीचा विषय निघाला म्हणून लिहितो. तालुका कोर्टात बत्तीस वर्षं फौजदारी केली. बघ्यांना वाटतं खून म्हणजे मोठं कारस्थान. माझ्याकडचे निम्मे आरोपी बांधावरून आलेले. कुणी नांगरताना बांध हातभर कोरला, कुणी सामायिक विहिरीची पाळी चुकवली, कुणी मोजणीच्या दिवशी शिवी हासडली. कोयता हातात होताच, कारण माणूस कामावर होता. संध्याकाळी पोलीस ठाण्यात बसून म्हणतो, "साहेब, काय झालं समजलंच नाही."

१९५८ साली मार्विन वुल्फगँग यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचे खून तपासले, तर सगळ्यात मोठा गट 'क्षुल्लक बाचाबाची' निघाला, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. डेली-विल्सन म्हणतात क्षुल्लक नव्हे. जिथे पोलीस येत नाहीत तिथे 'याला कुणीही डिवचावं' अशी ख्याती झाली की माणूस संपला. बांध हातभर असतो, पण आज हातभर सोडला तर उद्या गुंठा जातो, हे माझ्या प्रत्येक अशिलाला पाठ होतं. शास्त्रज्ञांची गरज नव्हती त्यासाठी.

माझा खरा आवडता मुद्दा दुसरा. चिंपांझींचे अभ्यासक रिचर्ड रँगम म्हणतात, आक्रमकतेचे दोन प्रकार आहेत, भडकून केलेली आणि थंड डोक्यानं ठरवून केलेली. मेंदूत दोन्हींचे मार्गही वेगळे. माणूस पहिल्यात चिंपांझीपेक्षा फार मवाळ, दुसऱ्यात मात्र तरबेज. लोकलमध्ये अनोळखी माणसाचा कोपर बरगडीत घुसला तरी आपण "जरा सरका" म्हणतो. डबाभर चिंपांझी असते तर कुर्ल्यापर्यंत अर्धे मेले असते. आणि हाच माणूस सहा महिने नियोजन करून दुसऱ्या देशावर बॉम्ब टाकतो.

कायद्यानं हा फरक केव्हाचा ओळखलाय. दंडसंहितेच्या कलम ३००चा पहिला अपवाद, 'गंभीर आणि अचानक' चिथावणी. आता भारतीय न्याय संहितेत क्रमांक बदलले, तत्त्व तेच. आणि यावरचा गाजलेला खटला आपल्या मुंबईतलाच, कमांडर नानावटी. २७ एप्रिल १९५९. बायकोनं प्रेम आहुजाशी संबंध असल्याचं सांगितलं. नानावटींनी बायको-मुलांना मेट्रोला सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाचं ऑफिस पाहिलं, मग घर गाठलं. दीडच्या सुमारास घरातून निघालेला माणूस चार-वीसला गोळी झाडतो. ज्यूरीनं आठ विरुद्ध एकनं निर्दोष म्हटलं, गर्दीनं टाळ्या वाजवल्या. हायकोर्टानं फिरवलं, आणि १९६१ साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डोकं थंड व्हायला वेळ भरपूर मिळाला होता. जन्मठेप. (१९६४ साली राज्यपालांनी माफी दिली ती गोष्ट निराळी.)

ज्यूरीला नवऱ्याचा मत्सर 'स्वाभाविक' वाटला. कोर्टानं घड्याळ पाहिलं.

मोरपिशी

वकीलकाका, शेवटची दोन वाक्यं वहीत लिहून घेतली.

भिरभिरता भुंगा

वाचनमात्र होतो, भावकीवर आलात म्हणून लॉगिन झालो. मी कीटकांवर काम करतो.

उत्क्रांतीवाल्यांचा लाडका नियम जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टन यांचा, १९६४चा. रक्ताचं नातं जितकं जवळचं तितकी मदत जास्त. 'दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी जीव देईन' हा विनोद जीवशास्त्रज्ञ हाल्डेन यांच्या नावावर खपतो (तेच हाल्डेन, जे १९५७ साली कलकत्त्याला येऊन राहिले). मग भाऊ भावाचा जीव का घेतो? नियम खोटा?

उंबर फोडून पाहिलंय ना? आतून भुर्रकन उडतात ती चिलटं, माझी आजी केंबरं म्हणायची. उडतात त्या माद्या. नर बिनपंखी, उंबरातच जन्मतो, तिथेच मरतो. अंजीर-उंबराच्या कुळातल्या झाडांवर अशा माश्यांच्या काही जाती आहेत, ज्यांच्या नरांचे जबडे कोयत्यासारखे असतात आणि ते एकमेकांना कापून काढतात. फळातल्या नरांत सख्खे भाऊ असू शकतात. मग जिथे भाऊ जास्त तिथे मारामारी कमी हवी, नाही का? २००१ साली अनेक जाती तपासल्या. नात्याचा आणि मारामारीचा काही संबंध निघाला नाही. संबंध निघाला तो माद्यांच्या संख्येशी. संधी कमी, की कत्तल जास्त.

कारण फळ बंद आहे. भावाला सोडलं तर त्याचा फायदा माझ्या दुसऱ्या भावाच्याच तोंडातून निघणार. नात्याची माया आणि नात्यातली स्पर्धा एकमेकांना खाऊन टाकतात. वकीलकाकांच्या अशिलांची दोन एकर जमीन आणि चार भाऊ हे असंच बंद फळ आहे. एक जण मुंबईला गिरणीत गेला, की उरलेल्यांचं भांडण मिटायचं, असं मी आजोबांकडून ऐकलंय. फळाला भोक पडलं ना!

वकीलकाका

भुंगेराव, हे आधी माहीत असतं तर वाटपाच्या दाव्यात वापरलं असतं. डेट्रॉइटच्या १९७२च्या खुनांत रक्ताचे नातेवाईक फार थोडे होते, असं डेली-विल्सनच लिहितात. पण डेट्रॉइटचे भाऊ मोटारीच्या कारखान्यात कामाला. त्यांचा सातबारा एक नव्हता.

तिरपागडं

मान्य, 'रक्तातच आहे' हे मी फार घाईनं लिहिलं. पण टेस्टोस्टेरॉन, ते पुरुषी हार्मोन, तरी रक्तात आहे ना? :)

मोरपिशी

आहे, पण ते घरी आल्यावर काय करतं ते पाहा. फिलिपाइन्समधल्या सेबूत ६२४ तरुणांना काही वर्षं पाहिलं, निष्कर्ष २०११ साली आले. ज्यांचं आधी जास्त होतं तेच बाप होण्याची शक्यता जास्त. आणि बाप झाल्यावर त्यांचंच सगळ्यात जास्त खाली आलं. जे रोज तीनेक तास स्वतः मूल सांभाळायचे त्यांचं आणखी कमी. टांझानियात शिकार-कंदमुळांवर जगणारे हाड्झा बाप मुलं कडेवर घेतात, त्यांचं कमी. शेजारचे पशुपालक दातोगा फारसे घेत नाहीत, त्यांच्यात बाप आणि बिनबाप यांत फरक नाही. ज्या पुरुषाला तुम्ही हुप्प्या म्हणताय त्याच्या हातात मूल दिलं की रसायनच बदलतं.

आणि पिल्लू-हत्येवर लिहिणाऱ्या हर्डीबाईंनीच पुढे आयुष्यभर कशावर लिहिलं? माणसाचं मूल एकट्या आईला वाढवता येत नाही, आजी, मावशी, शेजारीण, सगळे हात लागतात म्हणून आपण असे झालो, यावर. अबूची वानरं तेवढी सगळे उद्धृत करतात, हे कुणी करत नाही.

रिकामटेकडा_७

सात महिन्यांनी धागा वर काढतोय. सड्यावरचे, तुमच्या त्या फाटक्या कानाच्या मादीचं काय झालं?

सड्यावरचा

बरं झालं विचारलंत, लिहीन लिहीन म्हणत राहून गेलं.

दसऱ्याच्या सुमारास ती नव्या हुप्प्याबरोबर दिसली होती. मेच्या पहिल्या आठवड्यात, आंबे उतरवायची गडबड चालू असताना, तिच्या पोटाशी काळपट, फिक्या तोंडाचं नवं पिल्लू दिसलं. दिवस मोजले, हर्डीच्या हिशेबात बसतात. एका मादीवरून काही सिद्ध होत नाही, आकडेमोडे ओरडण्याआधी मीच सांगतो.

परवा तासभर पाहत बसलो. तिच्याकडून पिल्लू एका तरुण मादीनं ओढून घेतलं, तिच्याकडून तिसरीनं, मग एका म्हातारीनं. ही त्या दिवशी हुप्प्याच्या अंगावर धावून गेलेली, बहुतेक. फाटक्या कानाची निवांत पानं खात होती. हुप्प्या वरच्या फांदीवर पाठ करून बसला होता. मध्येच पिल्लू घसरून त्याच्या शेपटीला लोंबकळलं. त्यानं वळून पाहिलं आणि शेपटी तशीच राहू दिली.

आप्पा म्हणाले, "ह्येचाच आसा, म्हणून." मी विचारलं, त्याला कसं कळतं? आप्पांनी खांदे उडवले आणि करंडी उचलली.

आकडेमोड्या

फोटो टाका की राव.